झोंप : आळस नव्हे, नशीब नव्हे, बाधाही नव्हे

(गांवच्या शाळेंत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें व्याख्यान)



आज झोंपेवर बोलावयाचें आहे. खत, बियाणें, कर्ज, शिक्षण हे विषय सोडून मास्तरांना झोंपच कशी सुचली, असें कोणास वाटेल. पण ज्या देहानें खत पसरावयाचें, कर्ज फेडावयाचें आणि पोरांना शिकवावयाचें, तो देह रात्रीं नीट निजला नाहीं तर बाकीचे सगळे विषय अर्धवट राहतात. म्हणून आजचा तास झोंपेला देऊं. आम्ही कांहीं डॉक्टर नाहीं. डॉक्टरांनीं आणि शास्त्रज्ञांनीं शोधून ठेवलेलें तुमच्या-आमच्या भाषेंत सांगणें, एवढेंच मास्तराचें काम.

नांगराचा बैल दुपारीं सोडला पाहिजे, हें आपल्या पोरासोरांनाही कळतें. बैल खालीं बसला तर आपण त्याला आळशी म्हणत नाहीं. त्याचा खांदा पाहतों, खूर पाहतों, वैरण पाहतों. मग माणूस बसला तर आपण काय करतों? आपले तीन शब्द ठरलेले आहेत. दिवसां पेंगतो त्याला आपण 'आळशी' म्हणतों. रात्र रात्र जागतो त्याच्याबद्दल 'त्याचें नशीब' म्हणतों. झोंपेंत दचकतो, घुसमटतो, त्याला 'बाधा झाली' म्हणतों. शब्द चिकटविला कीं आपलें समाधान होतें आणि कारण शोधण्याचें राहून जातें. आमचा आजचा मतलब एवढाच कीं, हे तिन्ही शब्द बाजूला ठेवा आणि बैलाचें जसें कारण पाहतां तसें माणसाचेंही पाहा.

प्रथम झोंप म्हणजे काय तें समजून घेऊं. दिवा विझविल्यासारखी झोंप असते, असा आपला समज आहे. तो खरा नाहीं. रात्रीं शरीर आपलें वेगळें काम करीत असतें. झोंपेचे फेरे असतात. एक फेरा सुमारें दीड तासाचा. रात्रीच्या पहिल्या भागांत गाढ झोंप जास्त असते. त्या वेळीं रक्ताचा दाब उतरतो, काळजाला विसांवा मिळतो, दिवसभराची झीज भरून निघते आणि लहान मुलांच्या अंगांत वाढीचा रस सुटतो. पहांटेकडच्या भागांत स्वप्नांची झोंप जास्त असते. हा स्वप्नाचा प्रकार अमेरिकेंतील शिकागो येथील शास्त्रज्ञांनीं १९५३ सालीं ओळखला. त्या वेळीं डोळे पापणीआड भराभर फिरतात, मेंदु जागा असल्यासारखा चालतो, पण हातपाय मात्र सैल पडलेले असतात. ही गोष्ट ध्यानांत ठेवा, पुढें बाधेच्या प्रकरणांत ती लागणार आहे. दिवसां शिकलेलें डोक्यांत पक्कें बसतें तेंही झोंपेंतच. म्हणून रात्रभर जागून पाठांतर करणारा मुलगा एका हातानें पेरतो आणि दुसऱ्या हातानें उपटतो.

शरीरांत एक घड्याळही असतें. उजेड डोळ्यांत शिरला कीं तें दिवसाला लागतें, अंधार पडला कीं रात्रीला लागतें. पेशींच्या आंत हें घड्याळ कसें चालतें तें शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कोंबड्याला हें ज्ञान पारितोषिकावांचूनही आहे. आपण मात्र तें विसरतों आणि दिवसां निजून रात्रीं काम केलें तरी हिशेब तोच, असें समजतों. तो हिशेब तोच नाहीं. दिवसांची झोंप तुटक आणि उथळ होते.

झोंप किती असावी? मोठ्या माणसाला निदान सात तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलीला आठ ते दहा तास. म्हातारपणीं झोंप हलकी होते, वारंवार मोडते, पण गरज फारशी कमी होत नाहीं.

"आम्ही पांच तासांत भागवतों," असें सांगणारे पुष्कळ भेटतात. भागवतात खरे, पण सावकाराकडून उचल घेऊन भागवावें तसें. व्याज कसें चढतें पाहा. १९९९ सालीं शिकागो येथें अकरा निरोगी तरुणांना लागोपाठ सहा रात्री चार चार तासच निजूं दिलें. तेवढ्यानेंच त्यांच्या शरीराची साखर जिरविण्याची शक्ति स्पष्ट कमी झाली. १९९७ सालीं ऑस्ट्रेलियांत जागरण आणि दारू यांची तुलना केली. सतरा तास सतत जागलेल्या माणसाचा हात आणि नजर, रक्तांत ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी ढिली पडते असें दिसलें. आपल्या देशांत वाहन चालविणाराच्या रक्तांत ०.०३ टक्क्यांहून अधिक दारू सांपडली तर गुन्हा होतो. म्हणजे पहांटे चारला उठून रात्रीं नऊला ट्रॅक्टरवर बसणारा गडी थेंबभर न पितांही पिलेल्यासारखा असतो. त्याला कोणी पकडीत नाहीं. त्याला खड्डा पकडतो, नाहींतर समोरची गाडी. याशिवाय वर्षानुवर्षें झोंप कमी पडली कीं रक्तदाब, मधुमेह, काळजाचा विकार, चिडचिड, विसराळूपणा हीं दुखणीं एकामागून एक घरांत शिरतात. हें झालें नुकसान. आतां आपले तीन शब्द एकेक करून तपासूं.

पहिला शब्द 'आळशी'.

घरांत एखादा धडधाकट माणूस असतो. रात्रीं नऊला पडतो, सकाळीं सहाला उठतो, घोरणें तर शेजारच्या आळींत ऐकूं जातें. आपण म्हणतों, "काय गाढ झोंप आहे!" आणि तोच माणूस दुपारीं बांधावर पेंगतो, भजनांत पेंगतो, मोटरसायकलवरही डुलकी घेतो. मग आपण म्हणतों, "इतकें निजून पुरत नाहीं, आळशी मेला!" बंधूंनो, हा माणूस नऊ तास निजतच नाहीं. झोंपेंत त्याच्या घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते. दहा सेकंद, वीस सेकंद, कधीं त्याहून जास्त श्वास बंद राहतो. मग मेंदु घाबरून त्याला अर्धवट जागा करतो, मोठा घुरका येऊन श्वास सुटतो, आणि पुन्हां तेंच. तासाला पांच वेळां असें होणें हा आजार मानतात. तीसच्या वर गेलें तर तो जबर समजतात. म्हणजे दर दोन मिनिटांनीं कोणी तरी त्याला ढोसून उठवीत आहे. तुम्हांला रात्रभर असें ढोसलें तर दुसऱ्या दिवशीं तुम्ही नांगर धराल काय?

याचें निदान पहिल्यानें घरधनीणच करते. मोठें घोरणें, मध्येंच एकदम शांतता, मग गुदमरल्यासारखा आवाज. सकाळीं तोंड कोरडें, डोकें जड. रात्रीं दोन-तीन वेळां लघवीस उठणें. दिवसां बसल्या जागीं डोळा लागणें, हीं लक्षणें. मान जाड आणि पोट सुटलेलें असेल तर संभव जास्त, पण बारीक माणसाला होत नाहीं असें नाहीं. पाळी गेलेल्या बायकांनाही होतें. हा आजार अंगावर काढला तर रक्तदाब औषधालाही दाद देत नाहीं, काळीज थकतें, लकवा होण्याचें भय वाढतें. उपाय आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवावें. ते झोंपेंतली श्वासाची तपासणी करण्यास सांगतात. १९८१ सालीं सिडनी येथील डॉक्टर कॉलिन सुलिवन यांनीं नाकावर मुखवटा लावून हवेच्या दाबानें घसा उघडा ठेवण्याची युक्ति काढली. तेंच यंत्र आज जगभर वापरतात. आजार सौम्य असेल तर वजन उतरविणें, कुशीवर निजणें आणि दारू सोडणें यानेंही पुष्कळ फरक पडतो.

आळशी म्हणून मार खाणारा दुसरा प्राणी म्हणजे शाळेंतलें मूल. पहिल्या तासाला बाकावर डोकें टेकणारीं मुलें आम्ही रोज पाहतों. त्यांना छडी दाखविण्यापूर्वीं चार गोष्टी विचाराव्या. रात्रीं मोबाईल कितीपर्यंत हातांत होता? मूल तोंड उघडें टाकून घोरतें काय? घोरत असेल तर नाकामागच्या गांठी किंवा टॉन्सिल वाढलेले असूं शकतात, आणि असें मूल दिवसां कधीं पेंगतें तर कधीं उगाच चवताळतें. रात्रीं शौचाच्या जागीं खाज सुटून मूल कळवळतें काय? तसें असेल तर बारीक कृमि झालेले असतात. ते रात्रींच बाहेर येतात. दर वर्षीं १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट हे जंतनाशकाचे दिवस ठरलेले आहेत; शाळेंत आणि अंगणवाडींत मिळणारी ती गोळी चुकवूं देऊं नका. आणि चौथी गोष्ट, मूल पहांटे उठून दूध घालणें, शेण काढणें, धाकट्याला सांभाळणें हें काम करून शाळेंत येतें काय? तसें असेल तर त्या मुलाला आळशी म्हणणाऱ्याची जीभ झडावी.

दुसरा शब्द 'नशीब'.

महाराष्ट्रांत शेतीपंपाची वीज पाळीपाळीनें दिवसां आणि रात्रीं देण्याची रीत वर्षानुवर्षें चालत आली. रात्रीची पाळी आली कीं बारा वाजतां घोंगडें अंगावर घ्यावें, बॅटरी घ्यावी आणि दारें धरावयास निघावें. थंडींत पाय चिखलांत, बांधाला विंचूकांटा, मोटार बंद पडली तर पुन्हां विहिरीवर. सकाळीं घरीं यावें तों धारा काढण्याची वेळ. आठवडाभर असें चाललें, आणि शरीराचें घड्याळ रात्रीला लागतें न लागतें तोंच पुन्हां दिवसाची पाळी. याला आपण नशीब म्हणतों. पण वीज नशिबानें येत नाहीं. ती वेळापत्रकानें येते. वेळापत्रक माणसें करतात आणि माणसेंच तें बदलतात. २०१७ सालीं राज्यांत मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना निघाली, ती शेतकऱ्याला दिवसां वीज मिळावी यासाठींच. आपल्या फीडरवर ती आली आहे काय, नसेल तर कोठें अडली आहे, हें विचारणें हा ग्रामसभेचा विषय आहे. ठराव लिहून मागा. तोंडी गाऱ्हाणें वाऱ्यावर जातें.

तोंवर काय करावें? रात्रीं जाणें असेल तर जेवून आधीं तास-दीड तास निजून घ्या. शक्य तेथें दोघे मिळून जा आणि पाळी वाटून घ्या. ठिबक असेल तर सरीसरीनें दारें धरण्याचें काम वांचतें. पायांत बूट घाला. घोणस बहुधा रात्रीं हिंडते. सकाळीं परत आल्यावर खिडकीला जाड कापड लावून अंधार करा आणि पांच-सहा तास सलग पडा. घरच्यांनीं त्या माणसाला 'एवढें दूध डेअरीला टाकून ये' म्हणून उठवूं नये. रात्रीची पाळी झालेल्याची दुपारची झोंप म्हणजे त्याची मजुरीच आहे. ती बुडवूं नका.

कारागिराचीही हीच कथा. इचलकरंजी, मालेगांव, भिवंडी येथें यंत्रमाग दिवसरात्र धडधडतात आणि बारा बारा तासांच्या पाळ्या असतात. रात्रपाळीच्या कामाचा कर्करोगाशीं संबंध संभवतो, असा अभिप्राय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनें २००७ सालीं दिला आणि २०१९ सालीं पुन्हां तपासून कायम ठेवला. म्हणून रात्रपाळी करणाऱ्यानें निदान दोन गोष्टी मागाव्या: पाळी दर चार दिवसांनीं उलटीसुलटी करूं नये, आणि आठवड्याची सुट्टी बुडवूं नये. ही सुट्टी कोणी दयेनें दिलेली नाहीं. मुंबईच्या गिरण्यांत एके काळीं सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, सातही दिवस माणसें राबत. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं कामगारांना एकत्र करून वर्षानुवर्षें झगडा केला, तेव्हां १८९० सालीं रविवारची सुट्टी पदरांत पडली. विसांवा हा मागून घ्यावयाचा हक्क आहे, हें त्यांनीं दाखवून दिलें.

आतां घरांतल्या बाईकडे पाहा. सगळ्यांच्या मागून निजणारी आणि सगळ्यांच्या आधीं उठणारी तीच. ऊसतोडीच्या फडावर तर कोयता धरण्यापूर्वीं पहांटे उठून भाकरी थापावयाच्या, दिवसभर मोळ्या वाहावयाच्या, आणि गाडी अपरात्रीं आली तर तेव्हां ती भरावयाची. तिची झोंप कोणी मोजत नाहीं, कारण तिच्या कामाचीही मोजदाद नाहीं. आपण घरोघर एक करून पाहावें. आठ दिवस घरांतील प्रत्येक माणूस किती वाजतां निजला आणि किती वाजतां उठला तें भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहावें. कोणाची झोंप कोणासाठीं खर्च होते तें आपोआप दिसेल. पाणी तापविणें, झाडलोट, गोठा, यांतलें एक काम पुरुषानें उचललें तर घरधनिणीला तासभर झोंप मिळते. याला कांहीं पैसा लागत नाहीं.

बायकांची आणखी एक तक्रार असते, ती त्या सांगतही नाहींत. संध्याकाळीं टेकलें कीं पायांत आंतून कांहीं सरपटल्यासारखें होतें. पाय हलविला कीं बरें वाटतें, थांबविला कीं पुन्हां तेंच. रात्रभर पाय आपटीत पडावें लागतें. हें पुरुषांनाही होतें, पण बायकांत, विशेषतः गरोदरपणीं, जास्त. याचें एक मोठें कारण अंगांत लोह कमी असणें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या बायकांपैकीं निम्म्याहून अधिक रक्तक्षीण आढळल्या. म्हणून पाय चेपून घेण्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्त तपासून घ्यावें आणि सांगतील तशा लोहाच्या गोळ्या पुऱ्या मुदतीपर्यंत घ्याव्या. जेवणाला लागूनच चहा घेऊं नये. चहा लोह अंगीं लागूं देत नाहीं.

नशिबाच्या नांवानें खपणारी तिसरी गोष्ट म्हणजे काळजीचें जागरण. पाऊस गेला, भाव पडला, हप्ता आला; अंगावर वाकळ ओढून माणूस आढ्याकडे पाहत राहतो. चार रात्री असें होणें साहजिक आहे. पण आठवड्यांतून तीन रात्री, आणि असें तीन महिने, झालें तर तो निद्रानाशाचा आजार झाला. याची गंमत अशी कीं, झोंप येत नाहीं म्हणून माणूस लवकर अंथरुणावर पडतो, जास्त वेळ लोळतो, आणि त्यानेंच झोंप आणखी बिघडते. अंथरूण हें तळमळण्याची जागा होऊन बसतें. डॉक्टर यावर गोळीच्या आधीं शिस्त सांगतात. डोळे जड झाल्यावरच अंथरुणावर जावें. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाहीं तर उठून बाहेर बसावें, दोरी वळावी, भाजी निवडावी, आणि पेंग आली कीं परत पडावें. घड्याळ पाहूं नये. रात्र कशीही गेली तरी सकाळीं ठरल्या वेळींच उठावें. कर्जाचा हिशेब दिवसां, उजेडांत, घरच्यांना जवळ बसवून कागदावर लिहावा. अंधारांत आंकडे दुप्पट दिसतात.

पण एक खूण विसरूं नका. पहांटे तीन-चारलाच जाग येते आणि पुन्हां डोळा लागत नाहीं. कशांत मन रमत नाहीं. अन्न गोड लागत नाहीं. 'आपण नसलों तर बरें' असें शब्द तोंडांतून निघतात. अशा माणसाला एकटें सोडूं नका आणि 'मन घट्ट कर' एवढेंच सांगून मोकळे होऊं नका. हा मनाचा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस म्हणून दूरध्वनि २०२२ सालापासून रात्रंदिवस चालू आहे. त्यावर फुकट आणि मराठींतही बोलतां येतें. हा आंकडा घरांत लिहून ठेवा.

तिसरा शब्द 'बाधा'.

पुष्कळांना हा अनुभव आहे. पहांटे जाग येते, डोळे उघडे असतात, घर दिसतें, पण हात हलत नाहीं, आवाज फुटत नाहीं. छातीवर कोणी बसलें आहे, कोपऱ्यांत काळी आकृति उभी आहे, असें वाटतें. मग घरांत कुजबूज सुरू होते: वडाखालचा मुंजा लागला, विहिरीवरची हडळ आली. देवऋषी येतो, कोंबडें जातें, नारळ जातात, आणि शेवटीं शेरडूं विकलें जातें.

मघां सांगितलें कीं स्वप्नाच्या झोंपेंत हातपाय सैल पडलेले असतात. निसर्गानें ही कडी यासाठीं घातली कीं, स्वप्नांत धांवणारा माणूस खरोखर उठून विहिरींत पडूं नये. कधीं कधीं मेंदु जागा होतो, पण ही कडी निघावयास थोडा उशीर लागतो. तेवढे कांहीं सेकंद, फार तर एक-दोन मिनिटें, माणूस जागाही असतो आणि बांधलेलाही असतो. स्वप्नाचा तुकडा उघड्या डोळ्यांपुढें चालूच राहतो. एवढेंच तें भूत. जपानांत हेंच होतें. तेथें त्याला कानाशिबारी, म्हणजे धातूनें बांधून टाकणें, असें म्हणतात. कॅनडांतील न्यूफाउंडलंड बेटावर म्हातारी छातीवर बसते असें म्हणत आले. आतां आम्ही विचारतों, आपल्या वडाचा मुंजा आगबोटींत बसून जपानला कसा गेला? अनुभव सगळीकडे एक, आणि भूत मात्र ज्या त्या मुलुखाचें. यावरून अनुभव खरा आणि भूत मनाचें, हें उघड होतें.

हा प्रकार जागरण फार झालें, निजण्याच्या वेळा वरखालीं झाल्या किंवा माणूस उताणा निजला म्हणजे जास्त होतो. म्हणून रात्रपाळीच्या माणसाला, परीक्षेच्या मुलाला, बाळंतिणीला तो होतो. उपाय म्हणजे पुरेशी झोंप, ठरलेली वेळ आणि कुशीवर निजणें. तसें झालेंच तर घाबरूं नये. श्वास शांत ठेवून एक बोट हलविण्याचा यत्न करावा, कडी निघते. लहान मूल रात्रीं उठून चालतें किंवा किंचाळतें तेंही बहुधा वयाबरोबर जातें. त्याला गदागदा न हलवितां हातानें धरून परत निजवावें. परंतु झोंपेंत अंग ताठ होणें, झटके येणें, जीभ चावणें, अंथरुणांत लघवी होणें हें मोठ्या माणसास झालें तर तें फेफरें असूं शकतें; डॉक्टरकडे न्यावें. आणि भूत काढण्याच्या नांवाखालीं कोणी मारहाण केली, चटके दिले, तर २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यानें तो गुन्हा आहे, हें देवऋष्याच्या कानावर घालावें.

आतां खोट्या औषधांविषयीं दोन शब्द. 'घोटभर घेतली कीं झोंप लागते,' असें पुष्कळ म्हणतात. लागते, आणि मध्यरात्रीं मोडतेही. दारू डोळा लवकर लावते, पण पुढची सगळी झोंप कुरतडते, आणि घोरणाऱ्याचा घसा अधिक मिटविते. झोंपेच्या गोळ्या दुकानांतून परभारें आणूं नका. कांहीं आठवड्यांतच त्यांची संवय जडते, म्हातारीं माणसें रात्रीं तोल जाऊन पडतात, आणि दारूबरोबर घेतल्या तर श्वासच बंद पडण्याचें भय असतें. ज्यांच्या चालू असतील त्यांनींही त्या एकदम तोडूं नयेत. डॉक्टरांच्या सल्ल्यानें उतरवाव्या. चहाचा अंमल पांच-सहा तासांनींही अर्धा उरतो, म्हणून दुपारनंतरचा चहा सोडावा. तंबाखू आणि मिश्रीही मेंदूला जागवितात. मोबाईल निजण्याच्या तासभर आधीं दुसऱ्या खोलींत ठेवावा. खोली एकच असेल तर फळीवर ठेवावा.

शेवटीं निजण्याच्या जागेविषयीं. महाल नको, अंधार, वारा आणि निर्धास्तपणा पाहिजे. जमिनीवर निजणाऱ्याला मण्यार रात्रीं अंथरुणांत येऊन चावते. तो दंश बहुधा दुखतही नाहीं, आणि पहांटे पोटांत कळ, पापण्या जड, गिळतां येईना अशी दशा होते. तेव्हां विष उतरविणाऱ्याकडे न जातां तडक सरकारी दवाखाना गांठावा. बाज आणि तिच्याखालीं नीट खोंचलेली मच्छरदाणी, एवढ्यानें डांस आणि साप दोन्हींचें भय पुष्कळ टळतें. दुपारीं वीस-तीस मिनिटें झाडाखालीं आडवें होणें यांत लाज नाहीं. तेवढ्यानें उरलेला दिवस हात चांगला चालतो.

बंधुभगिनींनो, श्रीमंताला झोंप बिघडली तर तो हवा पालटावयास जातो. आपल्याला पहांटे कामच गांठावें लागतें. म्हणून आपली झोंप त्याच्यापेक्षां महाग आहे. तुमच्या घरीं कोणी पेंगत असेल, कोणी तळमळत असेल, कोणी घुसमटून उठत असेल, तर आज रात्रीं त्याच्याजवळ बसून एवढेंच विचारा: "तुला काय होतें? केव्हांपासून होतें?" बैलाला विचारतां येत नाहीं तरी आपण त्याचें दुखणें शोधून काढतों. माणूस तर बोलतो. त्याचें ऐकून घेतलें पाहिजे.

इतकें सांगून आम्ही आपलें भाषण पुरें करतों. रात्र बरीच झाली आहे. ज्यांची पाण्याची पाळी नसेल त्यांनीं आतां घरीं जाऊन स्वस्थ निजावें.